सांबार

थंकमबाईंचा फोन आला तेव्हा
वहिनी माळवदावर कुरड्या घालत होती.
दोन्हीकडून मोडकी हिंदी, मध्ये वारा.
त्या म्हणाल्या, बाकी काही नको,
आमच्या लोकांना सकाळी फक्त सांबार असू द्या.
वहिनी म्हणाली, "सांबाराले काय तोटा बाप्पा आमच्याकडं!"
आणि मला हाक मारली.

म्हणून वरूडच्या बाजारातून
तीन पोती सांबार आणला मी,
ओल्या बारदान्यात, मुळासकट.
रात्रभर उठून उठून पाणी शिंपडलं त्यावर.
वासानं अख्खा मांडव हिरवा झाला.
मनात म्हटलं, पालक्काडची माणसं,
खात असतील सकाळी पाला. आपल्याला काय.

पत्रिकेत छापलं होतं दहा चाळीस.
आमच्याकडे दहा चाळीस म्हणजे
नवरदेवाच्या मामानं दाढीला गरम पाणी मागायची वेळ.
हे बावीस जण दहालाच
सोनेरी काठाच्या पांढऱ्या कपड्यांत रांगेनं बसलेले,
आणि समोर गुंडाळलेली सतरंजी,
एक कूलर, त्यात पाणी नाही.
बरोबर दहा चाळीसला
निधीशनं प्रांजूच्या गळ्यात
पिंपळपानाच्या आकाराचं इवलं सोनं बांधलं.
हार झाले. दहा पन्नासला सगळं आटोपलं.
बँडवाला सायकल टेकवत म्हणाला, "लागलं का जी?"
म्हटलं, "एक लागलं. दुसरं सांजच्याला."

मग त्या रांधायच्या जागी आल्या.
पोत्यातली एक काडी उचलून हुंगली,
वहिनीकडे पाहिलं.
"सांबार?"
"सांबार."
पुन्हा पोत्याकडे. पुन्हा वहिनीकडे.
प्रांजू हारासकट खालीच बसली हसत,
"आई, त्यांचा सांबार म्हणजे वरण असते वं,
आंबट वरण!"
सगळे हसले. मीही, थोडा उशिरा.
वहिनी हसली नाही.
सात महिने ती याच सकाळीसाठी
एकेक गोष्ट लुगड्याच्या गाठीला बांधत आली होती.

थंकमबाईंनी ते पाहिलं.
पदर खोचला, तुरीच्या डाळीचं गंज उघडून
बोटानं डाळ चेपून पाहिली, मान हलवली.
चिंच दाखवली मी, तीही चालली.
मग हवेत दोन्ही हात लांब करून
काहीतरी मागू लागल्या, एवढं लांब, हिरवं, बारीक.
"मुरिंगा," म्हणाल्या.
वहिनीनं विचारलं, "मुंगना?"
"मुरिंगा!"
"मुंगना!"
वावराच्या दोन धुऱ्यांवरून
दोघी जणी एकाच पोराला हाका मारत होत्या जशा.

भाऊ मागच्या ओसरीत भिंतीकडे तोंड करून पडला होता.
"आपल्या बोलीतला एक पोरगा नाही भेटला का तुले?"
हे त्याचं प्रांजूशी शेवटचं पूर्ण वाक्य,
नवरात्रातलं.
त्यानंतर नुसतं हं.
सेवाग्रामच्या रक्तपेढीत दोघं नोकरीला,
शेजारी शेजारी टेबल,
हे त्याला मीच सांगितलं होतं, त्यावरही हं.
तो उठला.
वेळूची आकडी काढली आढ्यातून,
परसातल्या मुंगन्याखाली जाऊन उभा राहिला,
वर बघत, डोळ्यांत ऊन घेत.
"किती लागतीन?"
कोणाला विचारलं कोण जाणे.
थंकमबाईंनी दहा बोटं दाखवली.
थांबून पुन्हा दहा.

संध्याकाळचं लग्न आपलं नेहमीसारखंच,
दीड तास उशिरा,
पिवळ्या ज्वारीच्या अक्षता, भोंग्याची शिट्टी,
थंकमणी हे नाव भटजींनी तीन प्रकारे घेतलं.
पाहुण्यांच्या केसांत ज्वारी अडकली
ती त्यांनी तशीच ठेवली.

रात्री बायका सांबारवड्या लाटायला बसल्या,
करणार काय.
दोन पोती संपली.
स्टीलचे डबे भरून गाडीत दिले.
बल्लारशा येईस्तोवर एकही उरली नाही,
असा निधीशचा निरोप आला, मराठीत,
तीन शब्द, दोन चुका.

तिसरं पोतं अजून अंगणात आहे,
पिवळं पडलंय.
भाऊची शेळी आता
तिकडे बघतसुद्धा नाही.